मीटिंग आपली वाटली नाही, मग कुठली शोधायची?

प्रश्न असा आला आहे: "वय ४४, गोव्यात साखळीजवळच्या गावात राहतो. माझे दोन ट्रक होते. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा झाल्या, त्यानंतर पिणं हाताबाहेर गेलं. महिन्यापूर्वी इस्पितळात दहा दिवस राहून दारू सोडली. डॉक्टर म्हणाले, एएच्या, म्हणजे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या मीटिंगला जा. एका रविवारी पणजीला गेलो. चर्चच्या बाजूचा हॉल, निम्मं बोलणं इंग्लिशमध्ये. मला एक शब्द बोलता आला नाही. परत येताना तिठ्यावर उतरलो तर पाय दारूच्या दुकानाकडेच वळले. प्यालो नाही. पण ती मीटिंग आपल्यासाठी नव्हे असं वाटतं. योग्य मीटिंग कशी शोधायची? बायको सोबत येते म्हणते, तिला नेऊ का?"

तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली ओळ तिठ्यावरची आहे. किती वाजले होते तेव्हा? माझा अंदाज, साडेसात ते आठ. शेवटची ट्रिप टाकून, गाडी लावून तुम्ही ज्या वेळी बसायचात तीच वेळ. गेली बावीस वर्षं मी गोव्यात व्यसनमुक्तीचं समुपदेशन करतो आहे. "सर, मीटिंग चांगली कुठली?" असं विचारणाऱ्याला मी आधी उलट विचारतो, तुम्ही किती वाजता प्यायचात आणि कुठल्या वाटेवर? मीटिंग त्यावरून ठरवायची. संध्याकाळी सहा ते नऊ तुमचा धोक्याचा वेळ असेल आणि तुम्ही रविवारी सकाळची मीटिंग धरली, तर ती कितीही छान असली तरी तुमची खरी लढाई सुरू होईल तेव्हा तुम्ही घरी एकटे असाल.

म्हणून आधी एका कागदावर आठवडा मांडा. कुठल्या वारी हातात पैसे येतात, कुठल्या वारी जुने सोबती भेटतात, कुठल्या वारी घर रिकामं असतं. दोन किंवा तीन वार असे निघतील की त्या संध्याकाळी तुम्ही कुठेतरी बांधलेले असलेले बरे. मीटिंग त्या वारांना शोधायची. एएमध्ये नव्या माणसाला 'नव्वद दिवसांत नव्वद मीटिंग' असं सांगतात. पणजीत किंवा मडगावात राहणाऱ्याला ते थोडंफार जमेल. साखळी-वाळपईच्या माणसाला नाही जमणार. जमलं नाही म्हणून अपराधी वाटून घेऊ नका. आठवड्याला दोन प्रत्यक्ष आणि बाकी दिवस फोनवरच्या, असं माझ्या ओळखीच्या बऱ्याच जणांनी पहिलं वर्ष काढलंय.

आता रस्ता. पणजी, म्हापसा, मडगाव, वास्को, फोंडा इथे मीटिंग होतात, पण एकाच शहरातल्या दोन गटांचे वार आणि वेळा वेगळ्या असतात. साखळीहून पणजी तीस-पस्तीस किलोमीटर. मीटिंग साधारण तास-दीड तासाची असते. खरी ओळख मात्र नंतरच्या चहाला होते, आणि नेमकी त्याच वेळी तुमची शेवटची बस निघते. चहा सोडून बस पकडणारा माणूस सहा महिने मीटिंगला जातो आणि तिथे कुणालाच ओळखत नाही, हे मी पुष्कळदा पाहिलंय. त्यामुळे मीटिंगची वेळ विचारता तेव्हा परतीच्या बसचीही विचारा. म्हापसा किंवा फोंडा बसच्या दृष्टीने सोयीचं पडत असेल तर पणजीचा हट्ट नको. डिचोली-साखळीच्या बाजूने म्हापशाला किंवा पणजीला दुचाकीने जाणारं कुणी असतंच; पहिल्या मीटिंगला कोण कुठून येतो ते नुसतं विचारून ठेवा.

यादी कुठे मिळेल? एएच्या भारतातल्या संकेतस्थळावर गट आणि संपर्क असतात. छापील किंवा ऑनलाइन यादीवर डोळे झाकून निघू नका. हॉल बदलतो, पावसाळ्यात वेळ बदलते, एखादा गट दोन महिने थंड पडतो. आदल्या दिवशी फोन करा आणि फक्त एवढंच विचारा, "उद्या मीटिंग आहे ना?" उचलणारा माणूस स्वतः सोबर झालेला, म्हणजे दारू सोडून राहिलेला असतो, तुमचं आडनाव विचारणार नाही. बांबोळीच्या आयपीएचबीत, म्हणजे सरकारी मानसोपचार इस्पितळात दाखवायला जाता तेव्हा तिथल्या समाजसेवकालाही विचारून बघा. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन १४४४६ आहे, आणि रात्री मन फार बिथरलं तर मानसिक आरोग्याची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६. दोन्ही नंबर फोनमध्ये आजच घालून ठेवा, तलफ आली की शोधत बसायला डोकं जाग्यावर नसतं.

मध्येच एक गोष्ट सांगतो, ती तुमच्यासाठी नव्हे, तुमचं पाहून हे वाचणाऱ्यांसाठी. तुम्ही इस्पितळात राहून सोडलीत, हे योग्य केलंत. रोज सकाळी हात थरथरल्याशिवाय चहाचा कप उचलता येत नाही अशा माणसाने 'आजपासून बंद, संध्याकाळी मीटिंगला जातो' असं घरी बसून ठरवू नये. शेवटच्या पेगनंतर काही तासांत थरथर, घाम सुरू होतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि साधारण ४८ ते ९६ तासांत काहींना डीटी होतो: भास, घबराट, ताप. त्यात माणूस दगावू शकतो. मीटिंग हे त्यावरचं औषध नाही. आधी डॉक्टर, लागलं तर दाखल होणं आणि बी-वन जीवनसत्त्वाची सुई, मग मीटिंग. फिट आली तर सरळ १०८.

चर्चच्या हॉलचं म्हणणं मला फार वेळा ऐकायला मिळतं. 'ते ख्रिस्तावांचं काहीतरी असतं.' एकदा तर एका आजीने नातवाला मीटिंगवरून परत आणलं होतं, धर्म बदलेल म्हणून. गोष्ट साधी आहे. एएला कुणाकडून देणग्या घ्यायच्या नसतात, गट आपला खर्च सभासदांच्या टोपलीतून भागवतो, त्यामुळे जिथे हॉल स्वस्तात किंवा नाममात्र भाड्याने मिळतो तिथे मीटिंग भरते. गोव्यात ती जागा बहुतेक वेळा चर्चची किंवा शाळेची असते. चर्च फक्त जागा देतं, मीटिंग चालवत नाही. टोपलीत दहा रुपये टाकले तरी चालतं, काही नाही टाकलं तरी कुणी बघत नाही.

मात्र देवाचा उल्लेख आहे, हे खरं. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अॅक्रन गावी एक शेअरबाजारातला माणूस आणि एक डॉक्टर, दोघेही दारूडे, एकमेकांशी बोलून सोबर राहू लागले, तिथून हे सुरू झालं. त्या काळच्या त्या माणसांच्या बोलण्यात देव यायचाच. दारूतून बाहेर पडायच्या एएच्या बारा पायऱ्यांत शब्द असे आहेत: 'आम्हाला उमजला तसा देव'. तो तुमचा विठोबा असो, गावचा रवळनाथ असो, किंवा तुम्ही देव मानत नसाल तर समोर बसलेला तो बारा माणसांचा घोळका असो. एएच्या तिसऱ्या परंपरेप्रमाणे (परंपरा म्हणजे गट कसे चालवायचे त्याची तत्त्वं) सभासद व्हायला एकच गोष्ट लागते: पिणं थांबवायची इच्छा. तुम्ही गावच्या भजनी मंडळात असाल तर मीटिंग समजायला तुम्हाला सोपं जाईल. आठवड्याला ठरलेल्या वारी जमायचं, आळीपाळीने म्हणायचं, नवख्याला झांजा द्यायच्या. फरक एवढाच की भजन झाल्यावर काही मंडळी कुठे जातात ते तुम्हाला-मला ठाऊक आहे.

भाषेकडे वळतो, कारण माझ्या मते तुमचा खरा अडसर तोच होता. 'माझं नाव अमुक, मी अल्कोहोलिक आहे' हे वाक्य इंग्लिशमध्ये ऐकलं की आपल्याला ते नाटकातलं वाटतं. किनारपट्टीवरच्या काही मीटिंगमध्ये हिवाळ्यात परदेशी पाहुणेही असतात, तिथे सगळंच इंग्लिश. पणजीत मिश्र. मडगाव-वास्को बाजूला कोकणी जास्त. पेडणे, डिचोली, सत्तरीच्या माणसाला मराठीत वाचायची आणि कोकणीत रडायची सवय असते, तर कोकणी ऐकू येणारी मीटिंग आधी बघा. एएचं साहित्य मराठीतही आहे, ते मागून घ्या. आणि इंग्लिश मीटिंगमध्येही तुम्ही कोकणीत किंवा मराठीत बोललात तर कुणी थांबवत नाही. माझ्याकडे येणारा एक बसचालक सात आठवडे पणजीच्या एका मीटिंगमध्ये मुका बसून होता. आठव्या आठवड्यात तो म्हणाला, "हांव बेबदो. माका हांगा सगळें कळना, पूण हांव येतां." (मी दारूडा. मला इथलं सगळं कळत नाही, पण मी येतो.) बस, इतकंच. त्या दिवसापासून त्या गटातल्या दोघांनी त्याच्याशी कोकणीत बोलायला सुरुवात केली. ते दोघे आधीपासून कोकणी बोलणारेच होते, कुणी सुरुवात करत नव्हतं.

ओळखीचं कुणी भेटेल ही भीती गोव्यात खरी आहे. मुंबईत माणूस पुढच्या स्टेशनवर अनोळखी होतो. इथे म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तुम्ही कुणासोबत होतात हे संध्याकाळपर्यंत गावात पोचतं. म्हणून पहिल्या काही मीटिंगसाठी दुसऱ्या तालुक्यात जायला माझी हरकत नाही. पण एक ध्यानात घ्या: तिथे गावातला माणूस भेटला तर तो काही कपडे घ्यायला आलेला नसतो. तुमची गोष्ट त्याच्याकडे आणि त्याची तुमच्याकडे. शिवाय तुम्ही पीत होतात हे गावाला आधीच माहीत आहे, ते तुम्ही लपवू शकला नव्हता. लपवायचं राहिलंय ते सोडल्याचं.

मीटिंगचे प्रकारही विचारून घ्या. क्लोज्ड मीटिंगला फक्त ज्यांना स्वतःचं पिणं थांबवायचं आहे तेच बसतात, ओपन मीटिंगला घरचे, मित्र, विद्यार्थी कुणीही येऊ शकतात. कुठे एकजण आपली पूर्ण कहाणी सांगतो, कुठे एका पायरीवर बोलतात, कुठे सगळे दोन-दोन मिनिटं बोलतात. नव्याला दोन-दोन मिनिटांची मीटिंग बरी, कारण तुमच्यासारखा एखादा तिथे सापडायची शक्यता जास्त.

एका मीटिंगवरून निकाल देऊ नका. मी सहा मीटिंगची अट घालतो, त्यातल्या निदान तीन वेगवेगळ्या गटांच्या. सहा मीटिंगमध्ये तुम्ही काय बघायचं ते सांगतो. मीटिंग संपल्यावर कुणी आपणहून तुमच्याकडे आला का? फोन नंबर दिला का? बोलणाऱ्यांत फक्त 'मी कसा प्यायचो' याच्या रंगवलेल्या गोष्टी होत्या, की 'परवा मेव्हण्याच्या लग्नात मी काय केलं' असं ताजं काही होतं? दोन महिन्यांचा सोबर माणूस आहे का आणि पंधरा वर्षांचाही आहे का? तुमच्या धंद्याचा, तुमच्या वयाचा, तुमच्यासारखं कर्ज डोक्यावर असलेला कुणी आहे का? खाणी बंद पडून पिऊ लागलेला मनुष्य खाणपट्ट्यात शोधायला लांब जावं लागणार नाही. हसणं ऐकू येतं का, हेही बघा. ज्या खोलीत तासभर कुणी हसत नाही तिथे मी माझ्या पेशंटला पाठवत नाही.

आणि कशावरून उठून यायचं ते. कुणी म्हणालं 'गोळ्या बंद कर, गोळ्या खाणारा सोबर नसतो', तर त्या माणसाचं ऐकू नका. तुम्हाला डायसल्फिराम, नाल्ट्रेक्सोन अशी दारू सोडायची किंवा डिप्रेशनची गोळी सुरू असेल तर ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करायची नाही. सभासदाने डॉक्टर व्हायचं नाही, असं एएचंच सांगणं आहे. (जाता जाता: डायसल्फिराम घरच्यांनी कधीही न सांगता आमटीत घालू नये. ती पोटात असताना माणूस दारू प्यायला तर जिवावर बेतू शकतं.) कुणी फी मागितली, उसने पैसे मागितले, आपल्याच केंद्रात दाखल व्हा म्हणून मागे लागला, तर तो गट सोडा. बाईमाणूस मीटिंगला येत असेल तर तिने स्पॉन्सर, म्हणजे नव्याला वाट दाखवणारा जुना सभासद, बाईच घ्यावी. नव्या आलेल्या बाईला 'आधार' द्यायला पुढे येणारे पुरुष असतात, त्यांचा हेतू नेहमी आधाराचा नसतो. गोव्यात पिणाऱ्या बायका आहेत, घरात, दार लावून, आणि त्यांना पुरुषांनी भरलेल्या हॉलमध्ये पाय ठेवणं किती जड जातं हे मी जवळून पाहिलंय. त्यांनी फोनवरच्या महिलांच्या मीटिंगपासून सुरुवात केलेली चांगली.

याने फरक पडतो का, असा तुमच्या मनात प्रश्न असेलच. २०२० साली वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २७ अभ्यास आणि १०,५६५ माणसांचा आढावा घेतला. ज्यांना पद्धतशीर रीतीने एएशी जोडून दिलं, त्यांच्यात पूर्ण सोबर राहणाऱ्यांचं प्रमाण इतर समुपदेशन घेणाऱ्यांपेक्षा जास्त निघालं. यात 'जोडून दिलं' हा शब्द महत्त्वाचा. कागदावर पत्ता लिहून देणं म्हणजे जोडणं नव्हे, आणि तुमच्या बाबतीत बहुधा तेवढंच झालंय. पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगा की मीटिंगला जाणाऱ्या एखाद्या जुन्या माणसाशी माझं फोनवर बोलणं करून द्या. त्याच्यासोबत गेलात तर तो हॉल वेगळा दिसेल.

तरीही एए न मानवणारी माणसं असतात, आणि ती वाईट नसतात. तुमच्यासोबत बसणारा, अजून रोजचं न लागणारा पण शनिवारी घर डोक्यावर घेणारा एखादा सोबती असेल तर त्याच्यासाठी आपल्याच गोव्यातला एक पुरावा आहे. संगाथ संस्थेने इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या पण शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांकडून थोड्या बैठकांचं समुपदेशन देऊन पाहिलं. ३७७ पुरुषांवरचा तो अभ्यास २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. तीन महिन्यांनी त्रासदायक पिणं थांबलेले ३६ टक्के होते, नेहमीचीच सेवा मिळालेल्यांत २६ टक्के. तुमच्यासारख्या दाखल व्हावं लागलेल्या माणसावरचा अभ्यास तो नव्हे. तुम्हाला पायऱ्या, देव हे सगळं अजिबातच पटेना झालं तर विचार बदलायच्या पद्धतीवर चालणारे स्मार्ट रिकव्हरीसारखे गट ऑनलाइन आहेत, पण बहुतेक इंग्लिशमध्ये. ज्या केंद्रात उपचार झाले तिथल्या फॉलोअपच्या बैठका हाही एक मार्ग. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने १९८६ पासून त्यावर भर दिलाय. कुठलाही मार्ग घ्या, माणसांसमोर बसायचं मात्र ठेवा.

बायकोला न्यायचं का? ओपन मीटिंगला एकदा जरूर न्या. पुढे मात्र तुमची मीटिंग तुमची असू दे. ती शेजारी बसली की तुम्ही अर्धं बोलाल, आणि ती घरी येऊन उरलेलं अर्धं विचारेल. तिच्यासाठी अल-अॅनॉन आहे, १९५१ मध्ये दारूड्यांच्या बायकांनीच उभी केलेली घरच्यांची संघटना. तिथे 'नवऱ्याला कसं सुधारायचं' हे शिकवत नाहीत. गेली काही वर्षं बाटल्या शोधण्यात, खोटं बोलून तुमची पाठराखण करण्यात तिचं काय झालं, त्यावर बोलतात. जवळ गट नसेल तर ऑनलाइन बघा. मुक्तांगणमध्ये बायकांचा 'सहचरी' गट आहे, मराठीतून बोलायला तिला ते वातावरण ओळखीचं वाटेल. पहिल्या दिवशी ती जाणार नाही म्हणेल, "पितो तो, मी का जाऊ?" आग्रह करू नका, नंबर तिच्या हाती द्या आणि सोडा.

ऑनलाइन मीटिंग २०२० नंतर चांगल्या रुळल्यात. घरात नेटवर्क असेल तर रात्री नऊची मराठी किंवा हिंदी मीटिंग मुंबई-पुण्याच्या गटांची मिळू शकते. कॅमेरा बंद ठेवायची मुभा असते. पण फक्त फोनवर राहू नका. फोनवरच्या माणसाला तुमच्या तोंडाचा वास येत नाही, आणि पहिल्या वर्षात तो कुणालातरी येऊ शकतो ही जाणीव फार उपयोगाची असते.

मार्च ते मे ध्यानात ठेवा. हुर्राकचे दिवस. 'हुर्राक म्हणजे काय, सरबत' म्हणणारा एकतरी भेटेल. काजूचा पहिल्या धारेचा असला तरी तो सोरोच, म्हणजे दारूच, आणि माझ्याकडची बरीच घसरलेली माणसं त्या पहिल्या पेल्यावरच घसरलीत. चवथ, जत्रा, कार्निव्हल, आणि जून आला की सांजांव (सेंट जॉनचा सण): त्या-त्या आठवड्यात एक मीटिंग जास्त ठरवून ठेवा, स्पॉन्सरला आधी सांगा. घसरलातच तर पुढच्या मीटिंगला त्याच दारातून आत जा. मागच्या बाकावर बसा, पण जा. तिथे बसलेल्यांत स्लिप न झालेले थोडेच असतात.

येत्या आठवड्यासाठी इतकंच करा. दोन फोन, दोन वेगळे गट, दोन्ही संध्याकाळचे. पंधरा मिनिटं आधी पोचा आणि खुर्च्या लावायला हात द्या, हात कामात असले की तोंड आपोआप उघडतं. बोलायची पाळी आली तर नाव सांगा आणि 'आज ऐकतो' म्हणा. दोन नंबर घेऊन या. त्यांतल्या एकाला घरी पोचल्यावर फोन करायचं आधीच ठरवून ठेवा. आणि परतीच्या बसमधून तिठ्यावर उतरू नका, त्याच्या आधीच्या थांब्यावर उतरा. दहा मिनिटं जास्त चालावं लागेल, आणि त्या रस्त्याने दुकान लागत नसेल तर तोच रस्ता धरा.